नकलेने राखलेलं अस्सल

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे प्लेटो शिकवला. मूळ रूप श्रेष्ठ, वस्तू ही त्याची नक्कल आणि चित्र तर नकलेची नक्कल. हे शिकवताना आम्ही कधी अडखळलो नाही. छायाचित्रांच्या जतनाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा मात्र अडखळलो. का, ते आज बघू.

जाक लो हे जॉन केनेडींचे छायाचित्रकार. १९५८पासून त्यांनी केनेडींची आणि त्यांच्या कुटुंबाची छायाचित्रं टिपली. ४०,०००हून अधिक निगेटिव्ह त्यांच्याकडे जमल्या. इतका मोलाचा ठेवा घरात कसा ठेवायचा? म्हणून तो न्यूयॉर्कमध्ये बँकेच्या तिजोरीत गेला. आता चोरीची, आगीची भीती नाही, असंच कुणालाही वाटलं असतं. पण ही तिजोरी होती वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातल्या पाच क्रमांकाच्या इमारतीत. मे २००१मध्ये लो वारले, आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला त्या निगेटिव्ह नष्ट झाल्या.

मग उरलं काय? कॉन्टॅक्ट शीट. ज्यांनी डार्करूम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: फिल्मच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून काढलेला, फिल्मच्याच मापाचा बारीकसा ठसा. कोणती फ्रेम मोठी करायची ते ठरवायला वापरायचा साधा कामाचा कागद. कुणी त्याला ठेवा म्हणत नाही. पण तो दुसऱ्या जागी होता म्हणून वाचला. त्यावरून वॉशिंग्टनच्या न्यूझियम या संग्रहालयाने निवडक छायाचित्रं संगणकावर पुन्हा उभी केली आणि २०१३मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं. म्हणजे बघा, अस्सल गेलं आणि दुय्यम नकलेने त्याची आठवण राखली.

हा झाला एका दिवसात आलेला मृत्यू. दुसरा हळूहळू येतो. ओटो बेटमन १९३५मध्ये नाझी जर्मनीतून अमेरिकेला निघाले ते चित्रांनी भरलेल्या पेट्या घेऊन. पुढे त्यांच्या नावाचा संग्रह एक कोटीच्या वर गेला. १९९५मध्ये तो बिल गेट्स यांच्या कंपनीने विकत घेतला. पण जुनी अ‍ॅसिटेट फिल्म आपली आपणच सडते, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. म्हणून संग्रह पेनसिल्व्हानियातल्या चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २२० फुटांवर, कडक थंडीत नेऊन ठेवला. थंडीने सडणं मंदावतं. थांबत मात्र नाही. आणि तोवर स्कॅन झालेली चित्रं एकूण संग्रहाच्या जेमतेम दोन टक्के होती. म्हणजे थंडीने काय दिलं? नक्कल करायला सवड दिली, एवढंच.

या शतकाच्या पहिल्या दशकात पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या व्यवसायबंधूंसाठी हे शहाणपण तीन आकड्यांत बसवलं: तीन, दोन, एक. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. लो यांची शोकांतिका या शेवटच्या 'एक'मध्ये आहे.

आमच्या ओळखीचे एक लग्नसमारंभांचे छायाचित्रकार अभिमानाने म्हणाले, 'सर, दोन हार्ड डिस्क ठेवल्यात.' आम्ही विचारलं, कुठे? एकाच कपाटात! शिवाय एकीवर जे पुसलं जाई, ते दुसरीवरही आपोआप पुसलं जाई. ही दुसरी प्रत नव्हे, हा आरसा झाला. मूळ गेलं की आरशातलंही गेलं. आणि नुसती प्रत काढूनही भागत नाही. ती अधूनमधून उघडून बघावी लागते, डिस्क म्हातारी झाली की नवीवर उतरवावी लागते.

डिजिटल फाइलची प्रत बिनचूक निघाली, तर मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हे सांगताच येत नाही. प्लेटोला हे ऐकवलं असतं तर तो काय म्हणाला असता? आम्हांला वाटतं, त्याने आधी विरोध केला असता. मग आम्ही त्याला एवढीच आठवण दिली असती की, त्याच्या हातचं एक पानही आज उरलेलं नाही. आपण त्याला वाचतो ते शतकानुशतकं नकला उतरवत बसलेल्या लोकांमुळेच.