धोंडी आणि कोयनेचा भेक

मृग कोरडे गेले आणि आर्द्राही तशीच सरू लागली, म्हणजे नांदेड-लातूरकडील खेड्यांत पूर्वी पाऊस मागणारी धोंडी निघत असे. अंगाला कडुनिंबाचे डहाळे बांधलेला एक पोर पुढे, मागे दोघांच्या खांद्यांवर आडवे मुसळ, आणि त्या मुसळाला चिंधीने बांधलेला बेडूक. दारोदार बायका त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतीत आणि सुपातून ज्वारी घालीत. पाणी मागावयाचे तर घरात उरलेले आधी वाहावयाचे, हा त्या चालीतील भाव मला फार मोठा वाटतो.

तो बेडूक गावकुसाबाहेरच्या डबऱ्यांत मिळे. माळवदाच्या घरांसाठी पांढरी माती उकरून पडलेले हे खळगे एरवी निव्वळ खराबा वाटत. परंतु पहिल्या पावसाचे पाणी साचताच खरखरीत पाठीचा भेक तेथेच आपली अंडी काळ्या मण्यांच्या लांबलचक सरींसारखी सोडीत असे. माळवदे गेली, सिमेंटचे स्लॅब आले, डबरी बुजली.

आपल्याकडचा हा भेक सर्वत्र आढळणारा आहे. दुर्मीळ आहेत ते त्याचे सह्याद्रीतील भाऊबंद. कोयनेच्या खोऱ्यात धरण उभे राहत होते त्याच सुमारास, १९६३ साली, प्राणिशास्त्रज्ञ सोमण यांनी तेथील एका भेकाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्यास कोयनेचे नाव दिले. आणि २००९ मध्ये उभयचरांचे अभ्यासक बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेल्या आंबोलीच्या नव्या जातीसह, त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापिली. आंबोलीचा भेक जांभ्याच्या सड्यावरील उथळ खळग्यांत, जेमतेम बोटभर पाण्यात, अंडी घालतो. पाऊस मध्येच ओसरला तर ते पाणी आटते. आणि सडा खोदला, त्यावरून रस्ता गेला किंवा पर्यटकांच्या गाड्या फिरल्या, तर तो खळगाच उरत नाही. या दोन्ही जातींची नोंद संकटग्रस्त म्हणून झालेली आहे.

हे सारे आपल्यापासून दूरचे, असे लातूरकराने तरी म्हणू नये. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी कृष्णेचे पाणी घेऊन लातुरास आल्या, तेव्हा रिकाम्या घागरींच्या रांगा साऱ्या देशाने पाहिल्या. मिरजेच्या वर, कऱ्हाडास, कृष्णेला कोयना मिळते. आणि त्या कोयनेच्या खोऱ्यात १९६३ साली नाव मिळालेला तो भेक राहतो.