एका ओळीपुरती स्मृती

1787-88 मधल्या 85 ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी बारा कोणाचे, हॅमिल्टनचे की मॅडिसनचे? या जुन्या वाङ्मयीन वादाचा छडा बेल लॅब्जमधील ली मॅकमोहन यांना संगणकावर लावायचा होता. पण ‘एड’ हा संपादक-प्रोग्राम अख्खी फाइल स्मृतीत घेई. एवढा मजकूर तिथे मावेना. केन थॉम्प्सन यांनी त्यातला शोधाचा भाग तेवढा वेगळा काढला: ओळ घ्यायची, तपासायची, सोडायची. हाच ‘ग्रेप’. यंत्राच्या दारिद्र्याचे श्रेय सगळे देतात. निबंधांचे फारसे कोणी देत नाही, हे मला खटकते. 1977च्या ‘ऑक’ या स्क्रिप्टभाषेने हे चक्र पोटातच घेतले, वेगळे लिहायलाच नको. आज स्मृती मुबलक आहे, तरी ‘पायथन’मध्ये फाइलवर साधे चक्र फिरवले की हाती येते ती एकेक ओळच.