मानलेल्या भावास पत्र

आपल्या भाषेत ‘मानलेला भाऊ’ आणि ‘मानलेली बहीण’ असे दोन अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहेत. रक्ताचा संबंध नसता, केवळ मनाच्या साक्षीने जोडलेले हे नाते. कधीही न पाहिलेल्या सैनिकास स्नेहाचे पत्र लिहिणे हा याच नात्याचा एक प्रकार होय. आणि त्यालाही इतिहास आहे.

हिंदी फौजेबरोबर टपाल कार्यालय प्रथम रणक्षेत्रावर गेले ते १८५६ साली, मुंबईहून इराणच्या मोहिमेवर निघालेल्या सैन्यासमवेत. पुढे पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक फ्रान्समध्ये पोहोचले, तेव्हा त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे; उत्तर आले की एकाने वाचावे आणि भोवतालच्यांनी ऐकावे, अशी रीत होती. ही पत्रे लष्करी तपासनीस वाचून पाहात व निवडक उतारे इंग्रजीत उतरवून ठेवीत. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ मराठीतून लिहिलेल्या पत्रांचे उतारेही त्यांत आहेत. शेती, कर्ज, लग्नकार्य, भाऊबंदांचे वाद, सारा संसार त्या पत्रांतून डोकावतो. घरचे पत्र हा सैनिकाचा मोठा आधार खरा. तथापि त्या आधाराबरोबर घरची चिंताही येत असे.

टपालाचा मार्गच तुटणे म्हणजे काय, हे मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात अनुभवले. डिसेंबर १९१५ मध्ये कूट-अल-अमारा येथे तुर्कांचा वेढा पडला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने गांजलेल्या फौजेला शरण जावे लागले, आणि कैदेत गेलेल्यांपैकी कित्येक परतलेच नाहीत.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये एक वेगळी प्रथा रुजत होती. देशाचा उत्तर भाग जर्मनांच्या ताब्यात गेल्याने तिकडच्या सैनिकांना घरचे पत्र येईना. अशांसाठी १९१५ पासून अनोळखी स्त्रिया पत्रे व लहानसहान भेटी पाठवू लागल्या. त्यांना ‘युद्धातील धर्ममाता’ अशा अर्थाचे नाव मिळाले. ज्याला कोणाचेच पत्र येत नाही त्याला आपले जावे, हा या प्रथेचा मूळ हेतू लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडे राखीच्या सणाने हे नाते आधीच सिद्ध करून ठेवले होते. १९९९ च्या कारगिल युद्धात देशभरातील शाळकरी मुलांनी जवानांना पत्रे लिहिली, भगिनींनी राख्या धाडल्या. असे टपाल ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ या पत्त्यांनी जाते. या पत्त्यांत गाव नसते, डोंगर नसतो. सैनिक कोठे आहे हे लिहिणाराला कळत नाही, तरी पत्र पोहोचते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडची पद्धती सुरू झाली, तेव्हा देशाचे आठ भौगोलिक विभाग करून नववा सैन्याच्या टपालासाठी राखला गेला. या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, केंद्र सरकारचे अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो.

बेंगळुरू हे तर छावणीचेच शहर. हलसूर तलावाजवळ मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रही याच राज्यात, बेळगावी आहे. सातारा-कोल्हापूरकडचा तरुण लडाखच्या थंडीत पहारा करतो आणि आपण उदरनिर्वाहासाठी येथे राहतो. त्याच्या कष्टांशी आपली बरोबरी नाही. पण गावापासून दूर असताना मराठी अक्षर दिसले की मनाला काय वाटते, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रत्येक घरातून एक मराठी पत्र सैनिकास जावे. पत्ता नसेल तर सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारणा करावी. ठावठिकाणा व कामगिरी विचारू नये. उत्तराचा आग्रह धरू नये. शौर्याची स्तुती भाषणांतून पुष्कळ होते. पत्रात अंगणातला पाऊस, गणपतीची आरास, मुलांची परीक्षा, फसलेल्या चकल्या यांविषयी लिहावे. घरच्या पत्रात चिंता असतात, या पत्रात त्या नसाव्यात, हेच त्याचे मोल.

आपली मुले मराठी बोलतात. लिहिण्याचा प्रसंग मात्र त्यांना फारसा येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून तो जवान हसणार नाही. मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावे, वडीलधाऱ्यांनी शेवटी दोन ओळी जोडाव्यात, आणि पत्र टपालात पडावे.