अरण्यप्रदेशातील विशेष शिक्षक : पात्रता आणि भाषा

चंद्रपूर-गडचिरोलीतील विशेष शिक्षणाचा विचार करताना प्रथम आनंदवनाचे स्मरण होते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ वसविलेल्या या कुष्ठसेवाकेंद्रात पुढे अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. परंतु वरोरा हे रेल्वेमार्गावरचे गाव. माडियांचे भामरागड तेथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हा भामरागडचे अरण्य एका जिल्ह्यात आणि या शाळा दुसऱ्या जिल्ह्यात राहिल्या.

विशेष शिक्षकांची उणीव ही वेतनाची व दळणवळणाची बाब समजली जाते. ती तशी आहेच; पण तिच्या मुळाशी ‘पात्रता’ या कल्पनेचाही इतिहास आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने नोंदणीकृत व्यक्तीखेरीज इतरांस हा व्यवसाय करण्यास मनाई केली. अप्रशिक्षित माणसाच्या हाती असे मूल सोपवू नये, हा हेतू रास्तच होता. मात्र शिक्षकास त्या मुलाची घरची भाषा अवगत असावी, ही अट पात्रतेत आली नाही.

माडिया ही द्राविडी कुळातील बोली. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणारे मूल ओळखीच्या शब्दांच्या आधारानेच तर्क करते. आईचे ओठ माडियाचे आणि गुरुजींचे मराठीचे असतील, तर तो आधारच नाहीसा होतो. याहून गंभीर प्रश्न बुद्धिमापनाचा आहे. मराठीत विचारलेल्या प्रश्नावर माडिया मूल गप्प राहिले, तर ते बुद्धीचे न्यून की भाषेचे अंतर, हे माडिया न जाणणाऱ्या परीक्षकाने कशावरून ठरवावे? आणि एकदा कागदावर चढलेला शेरा सहसा पुसला जात नाही. हेमलकशास आलेल्या डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना रुग्णांचे दुखणे समजून घेण्यासाठी माडिया शिकावी लागली होती. शिक्षकाची गरज त्याहून कमी कशी मानावी?

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष विद्यार्थ्यांमागे किती शिक्षक असावेत, याचे प्रमाण निश्चित करण्यास केंद्र सरकारला सांगितले. पुरेसे शिक्षक मिळेपर्यंत शाळासमूहांसाठी फिरत्या शिक्षकांची तात्पुरती सोय सुचविली. या प्रमाणात संख्या मोजली जाते, भाषा नव्हे. शिवाय भामरागडास पर्लकोटेचा पूर आला की रस्ता तुटतो. फिरता शिक्षक पाणी ओसरल्यावरच पोहोचणार.