हिशेब उलटा मागितला तेव्हा

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून आपण तिची पूजा करतो. जमा आणि खर्च समोरासमोर दिसावेत, असा त्या पूजेचा साधा अर्थ मी घेतो. इंग्रजी अमदानीचा इतिहास वाचताना तो मला वारंवार आठवतो. त्या सरकारने आमच्या घरांची झडती बारकाईने घेतली. स्वतःच्या खर्चाचे पान मात्र आमच्यापुढे सहसा धरले नाही.

१८५२ साली मुंबई इलाख्यात इनाम कमिशनचा कायदा झाला. पिढ्यान् पिढ्या वहिवाट करणाऱ्या इनामदाराला अंमलदार म्हणू लागला, ‘सनद दाखवा.’ वाळवीने खाल्लेला किंवा भाऊबंदकीत हरवलेला कागद ज्याला दाखवता आला नाही, त्याच्या इनामावर गदा आली. पुढे खानेसुमारी आली. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री देशभर एकाच वेळी शिरगणती झाली. वय, जात, धर्म, धंदा, लग्न झाले की नाही, घरात कोणी आंधळे किंवा वेडे आहे काय, सारे विचारले गेले. ‘यातून नवी पट्टी तर निघणार नाही ना?’ अशी धास्ती लोकांना वाटे. ती अगदीच अनाठायी म्हणता येईल काय? अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, दुष्काळनिवारणासाठी म्हणून धंद्यांवर लायसेन्स कर बसला होता.

त्याच १८७८ साली अफगाणिस्तानची दुसरी स्वारी सुरू झाली. इंग्लंडने तिच्यासाठी पन्नास लाख पौंड दिले. बाकीचा मोठा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. त्याआधी, १८६७-६८ मध्ये, हबसाणच्या राजाने कोंडलेले युरोपीय कैदी सोडवण्यासाठी सर रॉबर्ट नेपियरची फौज मुंबईहून गेली. जादा खर्च विलायतेचा, पण हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार आमच्या माथी! १८८२ मध्ये मिसर झाले, १८८५ मध्ये तांबड्या समुद्रावरचे सुआकिन झाले. १८९६ मध्ये पुन्हा सुआकिनला हिंदी फौज धाडली, तेव्हा खर्चाच्या या वाटणीविरुद्ध खुद्द हिंदुस्थान सरकारनेही तक्रार केली. ती ऐकली गेली नाही.

पण मोजली जाणारी माणसेही मोजायला शिकतात. दादाभाई नौरोजींनी सरकारचेच तक्ते घेऊन दरमाणशी वार्षिक उत्पन्न काढले: अवघे वीस रुपये. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी कमिशन नेमले गेले, तेव्हा दादाभाई त्याचे सभासद होते. १८९७ च्या एप्रिलमध्ये त्याच्यापुढे साक्ष द्यायला फर्ग्युसन कॉलेजातले गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले. वय अजून एकतीसही नव्हते. पाठीशी न्यायमूर्ती रानड्यांची शिकवण आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी जुळवलेले आकडे होते. १८८५ नंतर रशियाच्या भीतीने वाढवलेल्या सुमारे तीस हजार सैन्याचा खर्च त्यांनी मांडला. साम्राज्याच्या सोयीसाठी ठेवलेल्या फौजेचे पैसे गरीब रयतेने का द्यावेत, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

मला या गोष्टीतला विलक्षण भाग वाटतो तो तारखांचा. त्याच दिवसांत पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. साथ खरी होती, माणसे मरत होती. उपाय हवाच होता. पण बुटांनिशी देवघरात आणि माजघरात शिरणाऱ्यांकडे दाद कोणी मागायची? पुणेकराच्या चुलीपर्यंत लष्कर पोचले होते, आणि लंडनमध्ये एक पुणेकर त्याच लष्कराची वही तपासत होता.

१९०० साली अहवाल आला. बहुमताने इंग्लंडकडून थोडीशी भरपाई सुचवली. दादाभाईंसह तिघांनी वेगळे मत नोंदवले. पदरात पडले ते थोडके. पण गोखल्यांनी वही मिटली नाही. १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी विचारले, की रयत खंगत असताना दरसाल शिल्लक उरते, ती भरभराटीची खूण कशी? जास्त कर घेतल्याची ती खूण आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. त्या भाषणानंतर दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवशी सरकारी बाकांवरची मंडळी गोखल्यांच्या प्रश्नांची तयारी करून बसू लागली.