शक्ती जाते, ती केव्हा?

"अंगात त्राण नाही," असे सांगत रोगी डॉक्टरपुढे बसतो. डॉक्टर तपासतात. नाडी ठीक, हातापायांतला जोरही बरा. मग बरोबर आलेले घरचे माणूस हळूच म्हणते, "काही नाही हो डॉक्टर, सगळी सोंगं आहेत!" श्रोतेहो, अशा वेळी एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: "शक्ती जाते, ती केव्हा?"

या प्रश्नाचे महत्त्व फार पूर्वीच दिसून आले होते. इंग्लंडमधील टॉमस विलिस या वैद्याने १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात काही रोग्यांची हकीकत दिली आहे. सकाळी ही माणसे चांगली चालत. पण दुपार होण्याच्या आतच त्यांना हात हलवणे जड जाई. एक बाई तर थोडा वेळ मोकळेपणी बोले, बोलणे लांबले की तिची वाचाच बंद होई, आणि तास-दोन तासांनी ती पुन्हा बोलू लागे. विलिसजवळ आजची यंत्रे नव्हती. त्याने रोग्याच्या दिवसाचा हिशेब तेवढा नीट टिपला.

पुढे ही गोष्ट विस्मरणात गेली. १८७७ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातील डॉ. सॅम्युएल विल्क्स यांनी एका मुलीची हकीकत छापली. तिला धड चालवेना, बोलणे मंद झाले होते. लोकांना वाटले, हा हिस्टेरिया! अखेर श्वास अडून ती पोर दगावली. शवविच्छेदनात मेंदूमध्ये काहीच दोष आढळला नाही. दोष दिसला नाही. पण रोग खराच होता.

१८९५ साली बर्लिनच्या फ्रीड्रिख योली यांनी या रोगाला 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' हे नाव रूढ केले. १९३४ साली ग्रिनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयातील डॉ. मेरी वॉकर यांना दिसले, की या रोगाची लक्षणे क्युरारे नावाच्या विषासारखी आहेत. त्या विषावरचा उतारा म्हणजे फायसोस्टिग्मीन. त्यांनी तेच औषध टोचले, आणि रोग्याची मिटलेली पापणी वर उचलली गेली! औषधाचा गुण काही तासच टिके. पण वाट सापडली. शरीरातलीच प्रतिद्रव्ये मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला करतात, हे १९७३ नंतर स्पष्ट होत गेले.

आज रक्ताच्या तपासण्या आहेत, विजेच्या चाचण्या आहेत. पण कोणती तपासणी करायची, हे ठरते ते प्रश्नांवरूनच. "संध्याकाळी पापणी जड होते का? एकाची दोन दिसतात का? जेवता जेवता जबडा थकतो का? वेणी घालताना हात गळतात का? थोडं टेकलं की बरं वाटतं का?" याउलट, दिवसभर सारखाच अशक्तपणा असेल, जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागत असतील, तर विचार दुसऱ्या दिशेने करावा लागतो. आणि गिळताना ठसका लागू लागला, श्वास अपुरा पडू लागला, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तेव्हा घरात कुणी सकाळी हिंडतेफिरते असून संध्याकाळी गळून जात असेल, तर त्याला आळशी ठरवण्याची घाई करू नका. चार दिवस वेळा टिपून ठेवा, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. निदानाची सुरुवात तिथूनच होते.