भास्कराचार्यांचें भूव्यासमान : सिद्धांशाचा विचार

सिद्धान्तशिरोमणि (शके १०७२, इ. स. ११५०) या ग्रंथांत भूपरिधि ४९६७ योजनें व भूव्यास १५८१ १/२४ योजनें दिला आहे. अपूर्णांक 'सिद्धांश' या पदानें सांगितला असून सिद्ध म्हणजे चोवीस. तो पाहून कोणी म्हणेल कीं, आचार्यांनीं पृथ्वी योजनाच्या चोविसाव्या भागापर्यंत मोजिली होती. कोणास तो निरर्थक वाटून गाळावासा वाटेल. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष अग्राह्य होत.

लीलावतींत परिधि व व्यास यांचें सूक्ष्म गुणोत्तर ३९२७ : १२५० व स्थूल गुणोत्तर २२ : ७ असें आहे. पैकीं पहिलें, आर्यभटानें (इ. स. ४९९) 'आसन्न' म्हणून दिलेल्या ६२८३२ : २०००० याचेंच संक्षिप्त रूप होय. आतां ४९६७ यांस १२५० नीं गुणून ३९२७ नीं भागिलें असतां १५८१ येऊन शेष १६३ राहते. १६३/३९२७ हें १/२४ हून किंचित् न्यून. हाच सिद्धांश. स्थूल गुणोत्तर घेतल्यास १५८० ९/२२ येते. तेव्हां सिद्धांश मोजणीचा नसून भागाकाराचा आहे. परंतु पाठ पडताळण्यास त्याच्यासारखा साक्षी नाहीं.

दुसरा प्रश्न मैलांचा. लीलावतीच्या परिभाषेनें योजन ३२,००० हस्तांचें. हस्त १८ इंच धरिला तर योजन ९ १/११ मैल व भूव्यास १४,३७३.११ मैल होतो. पण हस्तांत अर्ध्या इंचाचा फरक पडला तर व्यासांत सुमारें ४०० मैलांचा पडतो. मग दशांशचिन्हापुढील अंकांस अर्थ काय?

उलट, खरा मध्यम व्यास ७,९१८ मैल घेऊन भागिल्यास भास्कराचार्यांचें योजन सुमारें ५ मैल, तर १०५० योजनें व्यास सांगणाऱ्या आर्यभटाचें सुमारें साडेसात मैल ठरतें. आणि परिभाषा मात्र दोघांची एकच, ८,००० दंड अथवा पुरुष! शिवाय या हिशेबांत ग्रंथकारांचें मान अचूक होतें हें आधींच गृहीत आहे. त्यावरूनच पुन्हा त्याची अचूकता सिद्ध करणें हा अन्योन्याश्रय दोष होय.

सबब संपादकांस व पोथीसंग्राहकांस आमची सूचना एवढीच कीं, मूळ अंक अपूर्णांकासह जसाचा तसा छापावा. मैलांचें रूपांतर निराळें द्यावें, कोणता हस्त धरिला तें सांगावें, आणि आधार असेल तितकेच अंक ठेवून पुढें शून्यें व मागें 'सुमारें' लिहावें.